फौजेतून सुटून गावी येताना स्टेशनापासून घरापर्यंत कोणी आणलं?

सिंदफणाकाठ

फौजेतून कायमचं सुटून आलेल्या माणसाला आपण लढाईचं विचारतो, पेन्शनचं विचारतो, पण तो स्टेशनापासून घरापर्यंत आला कसा हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचंय म्हणून हा धागा काढतोय. ऐंशी सालाच्या आधी डिस्चार्ज घेऊन आलेली माणसं आता फार थोडी राहिलीत, ज्यांच्या घरात असतील त्यांनी आजच जवळ बसून विचारून घ्या आणि इथं लिहा.

सरकार रेल्वेचं वॉरंट द्यायचं, ते दाखवलं की तिकीट मिळायचं. पण आपल्याकडं रेल्वे होती कुठं? निजामाच्या काळातली मनमाड-काचीगुडा मीटरगेज, म्हणजे औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड. पूर्ण्याहून एक लाइन हिंगोली-अकोल्याकडं, परभणीहून एक परळीला, परळीहून पुढं उदगीर-बिदरकडं, आणि खाली बार्शी लाइन, ती लातूरपर्यंत. संपलं. बीड शहराला नगरहून पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे भूम, परांडा, पाटोदा, गेवराई, अंबड, भोकरदन, सिल्लोड, जिंतूर इकडच्या फौजीचं वॉरंट कुठल्यातरी लांबच्या स्टेशनावर संपायचं आणि तिथून पुढचे कित्येक किलोमीटर ज्याचे त्याने बघायचे. बीडवाला नगरला उतरायचा, सिल्लोडचा जळगावला, कन्नडचा चाळीसगावला, तुळजापूरचा सोलापूरला.

सुट्टीवर येणारा एखादवेळ पिशवी घेऊन चालत निघेलही, पण कायमचा सुटून येणाऱ्याजवळ सगळा संसार असतो. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, वर बिस्तरबंद, एखादा किटबॅग. एवढं ओझं घेऊन यष्टीच्या टपावर चढायचं म्हणलं तर कंडक्टर लगेज लावणार, आणि मुळात यष्टी दिवसाला एखादी. म्हणून ट्रक. म्हणून बैलगाडी. म्हणून रस्त्यावर उभं राहून हात करणं.

आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ७१ च्या लढाईमुळं डिस्चार्ज लांबला तो ७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मिळाला. बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर सगळी कागदं झाली आणि बेळगाव, मिरज, पुणे, दौंड असं गाड्या बदलत नगरला रात्री उतरले. साल ध्यानात घ्या, दुष्काळाचं. बीडला रेल्वे नाही म्हणून धान्यसुद्धा ट्रकनेच यायचं आणि नगरच्या स्टेशनाबाहेर मिलोची पोती भरलेले ट्रक उभे होते, तीच ती लाल मिलो जी रेशनला मिळायची. त्यातल्या एकाला आण्णांनी विचारलं, तो जामखेडमार्गे बीडला निघाला होता. केबिनमध्ये जागा नव्हती तर ट्रंक पोत्यांवर टाकली आणि आण्णा वर बसले.

आण्णा सांगतात की कडा-आष्टीच्या पुढं उजाडलं तसं दोन्ही अंगाला माणसंच माणसं दिसायला लागली, खडी फोडणारी, माती टाकणारी. त्यांनी सात-आठ वर्षं गावची अशी दशा बघितलीच नव्हती, सुट्टीला यायचे ते पंधरा दिवस आणि दिवाळीच्या सुमाराला. एका ठिकाणी ट्रक थांबला तिथं बायकांनी खाली उतरलेल्या आण्णांना पाणी नाही मागितलं, लढाई झाली का संपून एवढंच विचारलं. त्यांनी जवळच्या पिशवीतले काजू-मनुके लेकरांना वाटून टाकले. घरच्यांसाठी आणलेले होते ते.

मांजरसुंब्याच्या पुढं ड्रायव्हरनं उतरवून दिलं. पैसे विचारले तर नको म्हणाला. आण्णांनी आपली फौजी लोकरी टोपी त्याला दिली. तिथून पुढं गावची ओळखीची बैलगाडी भेटली, बैलांची हाडं दिसत होती म्हणून आण्णा ट्रंक गाडीत ठेवून स्वतः गाडीमागून चालत आले.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारनं माणूस स्टेशनापर्यंत आणला, पुढं त्याला लोकांनी आणलं, आणि त्या लोकांची कुठंच नोंद नाही. ना त्या ड्रायव्हरचं नाव माहीत, ना गाडीचा नंबर. तुमच्याकडचं सांगा.

औंढेकर

फार चांगला धागा. आमच्याकडं उलटं होतं, हिंगोलीला स्टेशन होतं पण उत्तरेकडून यायचं म्हणजे खांडव्याला मोठी गाडी सोडून मीटरगेज धरायची. चुलते सांगायचे की खांडव्याला फलाटावर फौजी लोकांचा ढीगच असायचा, ट्रंकेवर ट्रंक, आणि कोण कुठं उतरणार ते तिथंच ठरायचं. अकोल्याचे, वाशिमचे, हिंगोलीचे, वसमतचे. एक उतरला की बाकीचे त्याची ट्रंक खिडकीतून खाली द्यायचे. हिंगोलीहून औंढ्याला मात्र जे मिळेल त्यानं. चुलते कापसाच्या ट्रकवर आले, वर झोपून. कापसावर झोपलं की थंडी वाजत नाही म्हणायचे.

बार्शीलाइन

मी त्याच्याही मागचं सांगतो, माझ्या पणजोबांचं, आजोबांकडून ऐकलेलं.

पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. लढाई संपली तेव्हा हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांच्या आसपास होती आणि एवढ्या मोठ्या फौजेला सरकारला घरी पाठवायचं होतं, त्यात ४६ साली पणजोबांचा नंबर लागला. मुंबईला बोटीतून उतरून, सेंटरला हिशोब करून, कुर्डुवाडीला आले आणि तिथून छोट्या गाडीनं बार्शीला. गाव भूमकडचं. बार्शी इंग्रजाच्या मुलखात आणि भूम निजामाच्या, मधी करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा नाका.

बार्शी कापसाची मोठी पेठ, आपल्याकडच्या गाड्या कापूस घेऊन जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या, रात्री एकामागं एक लाइन करून, कारण एकट्या गाडीला चोराचं भ्या. अशा गाड्यांच्या तांड्यात पणजोबा बसले. नाक्यावर ट्रंक उघडायला लावली. आत काय तर दोन कांबळी, बूट, एक घड्याळ, थोडं परदेशी कापड. नाकेदार कापडावर आणि घड्याळावर अडून बसला. गाडीवान मंडळींनी मिळून हुज्जत घातली, की ह्यो माणूस मरणाच्या दारातून आलाय, ह्याच्या बायकोच्या लुगड्यावर तुम्ही करोडगिरी घेता का. शेवटी काहीतरी देऊन सुटका झाली. पण देताना दुसरी अडचण, पणजोबांकडं सगळे कलदार, म्हणजे इंग्रजाचे रुपये आणि निजामाच्या राज्यात त्याचं स्वतःचं नाणं, हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. एका गाडीवानानं आपल्या कनवटीचे हाली पैसे नाक्यावर भरले आणि पणजोबांकडून नंतर घेतले, ते भावाप्रमाणंच, एक पैसा जास्त घेतला नाही. आजोबांना ते गाडीवानाचं आडनावही माहीत होतं, मी इथं लिहीत नाही कारण त्यांची माणसं अजून तिथंच आहेत. पण त्या घराशी आमचा पुढं सोयरसंबंध झाला.

घाटमाथा

कन्नडचा आहे. चाळीसगावला उतरून औट्रम घाट चढायचा, हे आमच्या प्रत्येक फौजीच्या घरातलं आहे. पावसाळ्यात घाटात धुकं बसायचं, दरड यायची, ट्रक खालीच थांबायचे. खाली चहाची दुकानं होती तिथं फौजी बसून राहायचे आणि ड्रायव्हरच येऊन विचारायचे कुठं जायचं म्हणून. माझ्या मामांना तर एका ड्रायव्हरनं असं सांगितलं की तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि बोलत राहा, मला झोप येतीय. मामांनी रात्रभर त्याला नेफामधल्या (आताचं अरुणाचल) बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी स्वतःच्या बायकोला पण एवढं कधी सांगितलं नाही असं मामीच म्हणायच्या.

हे मला महत्त्वाचं वाटतं. घरी आल्यावर ही माणसं बोलायची नाहीत, कुठल्यातरी ओळख नसलेल्या माणसाशेजारी अंधारात बसून मात्र बोलायची.

पाथरी_ते_ओहायो

मी मूळ पाथरीचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत. इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं सांगतो, कारण विषय तोच आहे.

इथं ४५-४६ ला सुटलेले सैनिक रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून उभे राहायचे. रेल्वे-बस खचाखच भरलेल्या. सरकार सुटणाऱ्याला तीनशे डॉलरपर्यंत द्यायचं, थोडे सुटताना आणि बाकीचे हप्त्यानं, आणि प्रवासाचे मैलाला पाच सेंट वेगळे, ते पैसे तसेच घरी न्यावेत म्हणून पुष्कळ जण लिफ्ट घेत जायचे. कपड्यांची टंचाई होती म्हणून सुटल्यावर ३० दिवस वर्दी घालायला परवानगी होती, फक्त उजव्या खिशाच्या वर एक गरुडाचं कापडी चिन्ह शिवायचं म्हणजे हा पळून आलेला नाही, रीतसर सुटलेला आहे हे पोलिसाला कळावं. रस्त्यावरच्या गाडीवाल्यालाही ते लगेच ओळखू यायचं. लढाई चालू असताना पेट्रोल आणि टायर दोन्ही रेशनवर, गाडीत जागा रिकामी ठेवू नका असा प्रचार सरकारच करायचं, त्यामुळं लोकांना थांबायची सवय लागलेली होती.

आपल्याकडं असं चिन्ह काही नव्हतं, पण ती काळी ट्रंकच ओळख होती असं वाटतं. लांबून दिसली की कळायचं.

पूर्णाकाठची

सगळं वाचलं. चांगलं वाटलं. पण माझ्या वडिलांचं पण लिहिते, म्हणजे धागा पुरा होईल.

बाबा महार रेजिमेंटला. पूर्वी स्टारची रिबन होती छातीवर, म्हणजे ७१ ला बांगलादेशच्या बाजूला होते. पेन्शनवर आले ते ऑगस्ट ७८ मध्ये. ज्यांना माहीत आहे त्यांना महिना वाचूनच कळलं असेल. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, म्हणजे त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. बाबा तेव्हा सागरला सेंटरवर कागदं करत होते, त्यांना काही पत्ता नाही. सागर, बिना, इटारसी, खांडवा, तिथून मीटरगेज, आणि वसमतला उतरले. गाडीत कुजबुज ऐकली होती पण नेमकं काही कळत नव्हतं.

वसमतला स्टेशनावरच्या हमालानं विचारलं कुठले तुम्ही, बाबांनी गाव सांगितलं, वस्ती सांगितली. तो म्हणाला साहेब दोन दिवस इथंच थांबा. यष्ट्या बंद. बाबा म्हणाले माझी बायको लेकरं तिकडं हायत, मी कसा थांबू. ट्रंक हमालाकडं ठेवली आणि रस्त्याला लागले. वर्दी अंगावर.

एक ट्रक थांबला. वर्दी बघूनच थांबला, ते खरं आहे. या बसा मेजरसाहेब म्हणून केबिनमध्ये घेतलं, बिडी दिली. मग विचारलं कोणाच्यातले तुम्ही. बाबांनी सांगितलं. बाबा म्हणायचे की त्यानंतर तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला मी तुम्हाला उतरवत नाही, पण गावात नेत नाही, माझा ट्रक पेटवतील. फाट्याच्या अलीकडं सोडतो. आणि सोडलं. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला रस्त्यानं जाऊ नका, रानातून जा.

फौजेत आयुष्य गेलेला माणूस, स्वतःच्या गावाला रानातून गेला.

मधी बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथं रात्री नायकानं ठेवून घेतलं, भाकर दिली, आणि सकाळी तांड्यातले चार-पाच जण संगं घेऊन बाबांना वस्तीपर्यंत सोडलं. आमची माणसं उसात होती. आई दोन लेकरांना घेऊन तिथंच, मी पोटात होते. घरं काही राहिली होती काही नव्हती. बाबांची ट्रंक त्या हमालानं नंतर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी गाडीत घालून पाठवली, कुलूप जसंच्या तसं.

विद्यापीठाचं नाव शेवटी १४ जानेवारी १९९४ ला बदललं, बाबा तेव्हा होते, त्यांनी बघितलं ते.

ट्रकवाल्याला मी वाईट म्हणत नाही, बाबांनीही कधी म्हणलं नाही. तो त्याच्या भीतीत होता आणि तरी त्यानं पुष्कळ केलं. पण वर्दी बघून लोक थांबायचे हे जेव्हा आपण लिहितो तेव्हा पुढचा प्रश्न काय यायचा तेही लिहावं. प्रत्येकाला तो यायचा, कुठले, कोणाचे. काहींचा प्रवास त्याच्यानंतर पण तसाच चालू राहायचा, आमच्यांचा नाही.

सिंदफणाकाठ

ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. खरंय तुमचं. मी आण्णांना तुमची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की त्यांना ट्रकवाल्यानं नाव-गाव विचारलं होतं आणि आडनाव ऐकून तो आमच्या पाव्हण्यांच्या ओळखीचा निघाला होता. हे त्यांनी आजवर मला कधी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. म्हणजे जे आम्ही माणुसकी म्हणून सांगतो त्यात ओळखीपाळखीचा, नात्यागोत्याचा वाटा होताच. तांड्यावरच्या लोकांनी मात्र कुठलंही नातं नसताना केलं.

बालाघाटी

+१ ताई.

एक गोष्ट राहिली ती रिझर्व्हची. आधी फौजेत थोडी वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष नोकरी करून घ्यायचे आणि मग घरी पाठवायचे, पण नाव रिझर्व्हमध्ये. म्हणजे सुटून आलेला माणूस खरा सुटलेला नसायचा, लढाई लागली की बोलावणं. आमचे थोरले काका ६४ ला घरी आले, बैलजोडी घेतली, पेरणी केली आणि ६५ च्या सप्टेंबरात परत निघाले. मूग काढायचा होता तसाच राहिला. धारूरहून निघायला गाडी नव्हती तर गावातल्या आडत्याचा ट्रक परळीला माल घेऊन चालला होता त्यात बसवलं, सगळं गाव वेशीपर्यंत. मोंढ्यातल्या लोकांनी परळी स्टेशनावर जेवण दिलं. सोडायला जितकी माणसं होती तितकी आणायला नव्हती, परत आले तेव्हा पायीच आले, ट्रंक डोक्यावर. कुणाला कळवायलाच वेळ नव्हता, तार त्यांच्या मागून आली.

हुजूरसाहेब_रोड

नांदेडकर. आमच्याकडं एक वेगळा आधार होता, सरदारजींचे ट्रक. पंजाबातून हुजूर साहेबला दर्शनाला येणारे, गुरुद्वाऱ्यासाठी गहू-डाळ घेऊन येणारे. त्यांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत असायचंच त्यामुळं फौजी दिसला की थांबणारच. माझे वडील सिग्नल्सला होते, त्यांना पंजाबी येत होती. मनमाडला मीटरगेजची गाडी चुकली तेव्हा फाटकाजवळ अशाच एका ट्रकला हात केला तर थेट नांदेडपर्यंत. रस्त्यात त्यांनी स्टोव्ह काढून रोट्या केल्या. रात्री पोचल्यावर गावाला कुठं जाता म्हणून गुरुद्वाऱ्यातच लंगरला जेवले, तिथंच झोपले आणि सकाळी लोह्याला निघाले. मरेपर्यंत दरवर्षी तिथं सेवेला जायचे, भांडी घासायला.

निजामाबादी_नात

एक विचारायचं होतं. आमच्या आजोबांची सर्व्हिसची कागदं सगळी गेलीत, घर पडलं त्यात. त्यांनी कुठून डिस्चार्ज घेतला, कुठल्या लढाईत होते काहीच कळत नाही. कुठं चौकशी करायची?

बालाघाटी

रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. आधी तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांच्याकडं जुनी नोंद असू शकते आणि अर्ज कसा लिहायचा तेही सांगतात. आर्मी नंबर लागतो, तो नसेल तर काम अवघड. पेन्शन असेल तर बँकेत किंवा ट्रेझरीत पीपीओ (पेन्शनचा आदेश) असतो त्याच्यावर नंबर असतो. नाहीतर ट्रंक बघा, माळ्यावर, आखाड्यावर, कडब्याच्या खाली कुठंतरी असतीच ती. रंग उडाला असला तरी तिरप्या उजेडात अक्षरं दिसतात. आमच्या भावकीत एकाला असाच नंबर सापडला, ट्रंकेत पेंड ठेवायचे.

निजामाबादी_नात

आहे ट्रंक! मावशीकडं आहे. बघायला सांगते, खूप आभार दादा.

क्लीनरचा_पोरगा

आतापर्यंत सगळ्यांनी बसणाऱ्यांचं लिहिलं, मी बसवणाऱ्यांचं लिहितो. माझे वडील, आम्ही बापू म्हणतो, आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर. नगर-बीड-परळी, कधी जालना, कधी हैदराबाद. आयुष्य ट्रकवर गेलं, आता गुडघ्यांनी बसवलंय पण डोकं लख्ख आहे. हा धागा त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं का थांबायचात.

पहिलं म्हणाले की सवारी घ्यायला मालकाची मनाई असायची. मालाच्या गाडीत माणूस बसवणं कायद्यानंही बरोबर नाही, पोलीस पावती फाडायचे. तरी सगळे घ्यायचे, कारण मालक पगार काय द्यायचा, सवारीच्या चिल्लरवर तर ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण निघायचं. मग फौजीकडून का घेत नव्हते? तर म्हणाले घेणारे पण होते, सगळेच देवमाणसं नव्हते. पण फौजी केबिनमध्ये असला की नाक्यावर फार अडवायचे नाहीत, जकात नाक्यावर पण आणि रस्त्यात पोलिसानं हात केला तरी पण. फौजीनं खिडकीतून नुसता चेहरा दाखवला की जा म्हणायचे. म्हणजे जेवढे त्याच्याकडून घ्यायचे त्याच्यापेक्षा जास्त वाचायचे.

दुसरं भ्या. रात्री घाटात गाडी हळू होते, मागून चढून पोती खाली टाकायचे चोर. मांजरसुंब्याच्या घाटात, धामणगावच्या घाटात. केबिनमध्ये वर्दीवाला माणूस असला की क्लीनरला पण जीव यायचा. बापू क्लीनर असताना घाटात मागं बसून राखण करायचं काम त्यांचंच, पोरगं सोळा-सतरा वर्षांचं. बापू म्हणतात फौजी असला की तो म्हणायचा चल मी पण मागं बसतो. बऱ्याच फौज्यांनी केबिनची जागा सोडून त्यांच्यासंगं मागं पहारा केलेला आहे.

तिसरं, गाडी बंद पडली तर. फौजेत एमटी (मोटार ट्रान्सपोर्ट) ड्रायव्हर, नाहीतर ईएमईचे, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचे मेकॅनिक असायचे. एकदा गेवराईच्या पुढं डिझेल पाइपातून हवा घेत होती, त्या माणसानं ट्रंक उघडून स्वतःचे पाने काढले आणि अर्ध्या तासात गाडी चालू. ते पाने सुटताना त्यानं कसे आणले होते ते बापूंनी विचारलं नाही.

आणि मग शेवटी म्हणाले की एवढं सगळं खरं आहे पण तुला वाटतं तसं आम्ही हिशोब करून ब्रेक दाबत नव्हतो. रस्त्याच्या कडेला ट्रंकेवर बसलेला माणूस दिसला की पाय आपोआप जायचा. त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला भरतीला नगरला घेऊन गेले तेव्हा घरच्यांना कुणी काही सांगितलं नाही, तो निवडला गेला का नाही हे सुद्धा महिन्यानं पत्र आलं तेव्हा कळलं. तो भाऊ पुढं असाच कुणाच्यातरी गाडीत बसून येत जात असणार असं डोक्यात असायचं.

ताईंची पोस्ट पण वाचून दाखवली. बापू म्हणाले त्या साली आम्ही पण परभणी साइडची खेप घेतली नव्हती, मालकच नको म्हणाला होता. आणि म्हणाले की कोणाचे म्हणून विचारायची सवय आम्हाला सगळ्यांनाच होती. उत्तर ऐकून पाणी देताना तांब्या वेगळा काढणारे ड्रायव्हर त्यांनी बघितलेत. एकच केबिन, एकच सीट, रात्रभर खांद्याला खांदा, आणि ढाब्यावर उतरलं की ग्लास वेगळा. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

पूर्णाकाठची

बापूंना माझा जय भीम सांगा. त्यांनी हे बोलून दाखवलं त्याची किंमत मला आहे. आणि त्यांना विचाराल का, वसमत-पूर्णा रोडला ७८ ला कोणाच्या गाड्या चालायच्या? मला त्या ड्रायव्हरचं घर सापडतंय का बघायचंय. भांडायला नाही, बाबांनी पैसे विचारले होते आणि त्यानं घेतले नव्हते, ते बाबांच्या मनात राहून गेलं होतं.

क्लीनरचा_पोरगा

सांगतो ताई. त्यांच्या ओळखीचे जिंतूरचे एक जुने ड्रायव्हर आहेत, ते त्या रोडला असायचे. रविवारी फोन लावून देतो बापूंना.

सिंदफणाकाठ

माझाही एक प्रश्न. बापू ७३ च्या उन्हाळ्यात नगर-जामखेड-बीड मिलोच्या खेपा करत होते का? लोकरी टोपी दिलेला फौजी आठवतो का त्यांना?

क्लीनरचा_पोरगा

विचारलं दादा. मिलोच्या खेपा केल्या म्हणाले, पण तेव्हा ते क्लीनर होते आणि त्यांच्या ड्रायव्हरला कुणी टोपी दिल्याचं आठवत नाही. मांजरसुंब्याला उतरवलेला एक फौजी त्यांना पक्का आठवतो, पण तो पाटोद्याचा, तोफखान्यातला, एका कानानं कमी ऐकू यायचं त्याला, आणि साल ८१. त्याच्या घरचं कुणी इथं असेल तर सांगा, त्याचा बिस्तरबंदाचा पट्टा गाडीतच राहिला होता.